पॉइंटच्या तिकिटावरचे अडतीस हजार

परभणीच्या एका ताईंचं पत्र आलंय. यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाण्याची, खताची बिलं कार्डावर भरून चार वर्षांत १,८०,००० पॉइंट साठलेत. लेक इंग्लंडात लीड्सला असते, दिवाळीच्या आगेमागे तिचं पहिलं बाळंतपण आहे आणि ताईंना तीन महिन्यांसाठी तिच्याकडे जायचंय. जावयांनी पॉइंटवर जाण्यायेण्याचं तिकीट काढायला घेतलं, तर ६०,००० पॉइंटांच्या जोडीला ३८,००० रुपये ‘कर आणि शुल्क’ म्हणून दिसले. तेच तिकीट रोखीनं ६८,००० ला मिळतंय. ताई विचारतात, हे ३८,००० कमी करता येतील का, की पॉइंटचा नाद सोडून सरळ रोखीनं तिकीट काढू?

ताई, जावयांनी त्या रकमेची फोड उघडून तिचा फोटो पाठवला, हे फार बरं झालं. अर्धं उत्तर त्यातच आहे. तुम्ही सगळ्या रकमेला ‘टॅक्स’ म्हणताय, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘जीबी’ या अक्षरांपुढे १२,२४० रुपये आहेत. तो ब्रिटिश सरकारचा प्रवासी कर. ‘वायक्यू’पुढे १७,५०० आहेत. हा कुठल्याही सरकारचा कर नाही, हा विमान कंपनीनं स्वतः लावलेला सरचार्ज आहे. एकेकाळी इंधन महागलं म्हणून सुरू झाला आणि मग तिकिटात कायमचा राहिला. काही कंपन्या तो ‘वायआर’ या अक्षरांखाली लावतात. उरलेले ८,२६० दोन्हीकडच्या विमानतळांचे आणि सुरक्षेचे. ते कुणालाच चुकत नाहीत.

कमी होऊ शकतात ते हे १७,५००. सरचार्ज किती लागणार हे विमानापेक्षा तुम्ही कोणाचे पॉइंट वापरता यावर जास्त ठरतं. ब्रिटिश एअरवेजच्या ‘एव्हिओस’ या पॉइंटवर लांबच्या प्रवासाला रोख रक्कम मोठी लागते, हे पॉइंट जमवणाऱ्यांना चांगलं माहीत आहे. उलट युनायटेड या अमेरिकन विमान कंपनीचा मायलेजप्लस हा पॉइंटचा कार्यक्रम भागीदार कंपन्यांच्या तिकिटावरही हा सरचार्ज घेत नाही. युनायटेड ज्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यातच एअर इंडिया २०१४ पासून आहे, म्हणजे ती भागीदार झाली, आणि मुंबईहून लंडनला तिचं थेट विमान जातं. तुमच्या कार्डाचे पॉइंट ज्या कार्यक्रमांत वळवता येतात त्यांची यादी बँकेच्या ॲपमध्ये असते. अशा विनासरचार्ज कार्यक्रमाचं नाव त्यात असेल, तर आधी तिथे सीट शोधायला सांगा.

आता आकडे बघू. सध्याच्या पर्यायात तुमचे ३०,००० रुपये वाचतात आणि ६०,००० पॉइंट जातात, म्हणजे एका पॉइंटला ५० पैसे. समजा दुसऱ्या कार्यक्रमात ७५,००० पॉइंट लागले पण सरचार्ज गेला, तर रोख २०,५०० उरतात. वाचले ४७,५००, पॉइंटला ६३ पैसे पडले. पॉइंट जास्त जाऊनही सौदा चांगला. बिलात वळते केले तर तुमची बँक ३० पैसे देते असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे दोन्ही पर्याय त्याहून बरेच आहेत. म्हणून माझं उत्तर असं: विनासरचार्ज सीट मिळाली तर पॉइंट खुशाल वापरा, नाही मिळाली तर आताच्या पर्यायालाही मी नको म्हणणार नाही. रोखीनं काढायची वेळ पॉइंटवर कुठेच सीट नसेल तेव्हा.

जावई मात्र बिझनेस क्लास म्हणतायत, १,६०,००० पॉइंट आणि ९६,००० रुपये. त्यांचा हेतू चांगला आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून ते सुचवतायत. पण ताई, तुम्ही रोखीनं कधी बिझनेसचं तिकीट काढणार होता का? नाही. तुमची खरी तुलना ६८,००० च्या साध्या तिकिटाशी आहे. म्हणजे जवळजवळ सगळे पॉइंट देऊन वर २८,००० जास्त मोजायचे. हे मला अजिबात पटत नाही.

तरीही गुडघ्यांसाठी एक मधला मार्ग आहे. ब्रिटनचा तो कर फक्त तिथून निघताना लागतो, इथून जाताना नाही. १ एप्रिल २०२६ पासून भारताच्या अंतरासाठी तो इकॉनॉमीत १०२ पौंड आहे आणि त्यावरच्या वर्गात २४४ पौंड. इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला प्रीमियम इकॉनॉमी वर्गही या वरच्या दरातच धरतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पौंड १२० रुपये धरला तर फरक १७,०४० रुपयांचा. म्हणून वरचा वर्ग घ्यायचाच असेल तर जाताना घ्या आणि येताना इकॉनॉमीत या. पॉइंटवर एकेरी तिकीट साधारण अर्ध्या पॉइंटांत निघतं, त्यामुळे असं तोडून घेता येतं. रोखीत तसं नसतं, तिथे एकेरी तिकीट बऱ्याचदा अर्ध्याहून खूप महाग पडतं.

आणि हा १०२ पौंडांचा कर पॉइंटवाल्यांनाच लागतो असं समजू नका. तुमच्या ६८,००० मध्येही तो आहेच, फक्त आत दडलेला. डब्लिनहून निघालं तर तो लागत नाही, असं कुणी सांगेल. आयर्लंडनं आपला असा कर २०१४ मध्ये शून्यावर आणला, हे खरं आहे. पण तीन महिन्यांच्या जागरणानंतर बॅगा घेऊन तुम्ही एकट्या तिसऱ्या देशात जायचं, व्हिसाचं बघायचं, हे बारा हजारांसाठी मी माझ्या आईला करू देणार नाही.

एक चूक मी स्वतः केली आहे. आईवडिलांच्या प्रवासाच्या वेळी सीट दिसली म्हणून घाईनं पॉइंट वळवले. ते पोचायला दोन दिवस लागले, तोवर सीट गेली. वळवलेले पॉइंट परत येत नाहीत, ते तिथेच मुदत संपून गेले. त्यामुळे आधी त्या कार्यक्रमात खातं उघडा, पॉइंट जमा व्हायला किती वेळ लागतो ते विचारा, कराची फोड तिथल्या पडद्यावर बघा आणि मगच बटण दाबा. कर भरताना चलन रुपयांत निवडता आलं तर निवडा. परकीय चलनात कार्ड घासलं तर साधारण साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी जातो, २०,५०० वर साडेआठशेच्या आसपास.

परभणी ते मुंबईसाठी पॉइंट खर्चू नका. छोट्या भाड्यावर ठरीव शुल्कंच जास्त असतात. नांदेडहून पहाटे सुटणारी वंदे भारत परभणीवरून दुपारी मुंबईत पोचते. विमान रात्रीचं असेल तर डिंक-खारकेच्या डब्यासकट ती सोयीची.

शेवटचं तारखेचं. बाळंतपण दिलेल्या तारखेलाच होईल असं नाही, तेव्हा तिकीट बदलायला आणि रद्द करायला किती पडतात ते घेण्याआधी विचारा. प्रवास झालाच नाही तर सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळायला हवीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा भारतीय कंपन्यांसाठी तसा नियमच आहे, भाडं परत न मिळणाऱ्या तिकिटालाही तो लागू होतो. ब्रिटनचा करही प्रवासी उडाला तरच लागतो. पॉइंट परत आले म्हणून लोक गप्प बसतात आणि ही रक्कम तशीच राहून जाते. जावयांना तिचा अर्ज वेगळा करायला सांगा.