स्टार्च कुणाचा?

प्रश्न : मॅडम, आम्ही शिकलो तेव्हा कमळ आणि कुमुद (वॉटर लिली) एकाच कुळात होते. आता माझी मुलगी म्हणते, ते एकमेकांचे जवळचे कुणी नाहीत आणि बी कापलं तरी ते कळतं. फुलं, पानं, पाण्यात राहणं इतकं सारखं असताना बीमधला चिमुकला भ्रूण नातं कसं सांगणार?

उत्तर : मुलीचं बरोबर आहे. तुमचंही चूक नव्हतं. बेंथम आणि हूकर यांच्या वर्गीकरणात (१८६२–८३) ही दोघं एकाच कुळात होती. या जोडीने मला एम.एस्सी.ला असताना चांगलंच तोंडावर पाडलं होतं.

कमळाचं बी म्हणजे दगड. कानशीने कवच घासून ते रात्रभर भिजत ठेवलं आणि सकाळी उभं चिरलं. आत दोन जाड पांढऱ्या दलिका (भ्रूणाची बीपानं), आणि त्यांच्यामध्ये वाकून बसलेला हिरवागार कोंब, इवल्या पानांच्या घड्या घातलेला. इतक्या जाड कवचाआड हिरवा! कुमुदाचं बी अगदी बारीक. चार-पाच तर पात्याखालून उडूनच गेली. दोन्ही कापांवर आयोडीन टाकलं, दोन्ही काळेनिळे झाले. मी ऐटीत जर्नलमध्ये लिहिलं, ‘स्टार्चचा साठा : दोघांत साम्य.’ सरांनी खाली लाल शाईने दोनच शब्द लिहिले : ‘स्टार्च कुणाचा?’

पुन्हा भिंगाखाली बसले तेव्हा उलगडलं. कमळाचा स्टार्च दलिकांमध्ये, म्हणजे खुद्द भ्रूणाच्या अंगात. कुमुदाचा भ्रूण मात्र बीच्या एका टोकाला टिंबाएवढा, आणि बाकीचं जवळजवळ सगळं बी भरलेलं असतं पेरिस्पर्मने. हा आईच्या बीजांडातला भाग, त्याचा फलनाशी संबंध नाही. एकाने शिदोरी आधीच पोटात घातलेली, दुसऱ्याला आईने डबा बांधून दिलेला.

फरक बी धरण्याआधीच पडलेला असतो. सपुष्प वनस्पतींत परागनलिका दोन शुक्रपेशी आणते : एकीपासून भ्रूण होतो, दुसरीपासून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाला पोसणारा भाग. हे दुहेरी फलन रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवलं. कमळाच्या भ्रूणकोषात (बीजांडातली पिशवी, जिथे हे फलन होतं) आठ केंद्रकं असतात, त्यातली दोन मधल्या पेशीत. म्हणून शुक्रपेशीचा एक धरून भ्रूणपोषात गुणसूत्रांचे तीन संच. कुमुदाच्या भ्रूणकोषात केंद्रकंच चार, मधल्या पेशीत एक. म्हणून संच दोन.

आता तुमचा मुख्य प्रश्न. पाण्यावर तरंगायचं म्हटलं की पान गोल आणि देठ पोकळ होणं कुणालाही सोयीचं. फुलाचं रूपही येणाऱ्या कीटकांप्रमाणे बदलत जातं. बीजांडाच्या आत कोणता भुंगा डोकावतो? म्हणून तिथल्या जुन्या सवयी पुष्कळदा टिकून राहतात. १९९० च्या दशकात डीएनएचे पुरावे आले आणि कमळ जाऊन बसलं चिनार आणि प्रोटिया यांच्या शेजारी, चक्क जमिनीवरच्या झाडाझुडपांत. कुमुद राहिलं सपुष्प वनस्पतींच्या अगदी जुन्या फांदीवर.

याहून गमतीदार प्रकरण ट्रिथुरियाचं. गवतासारखी, बोटभरही नसलेली ही वनस्पती बरीच वर्षं गवताच्या गोतावळ्यात धरली जात होती. पण गहू हेही गवतच, त्याचं पीठ म्हणजे मुख्यतः भ्रूणपोष, आणि हिच्या बीत साठा पेरिस्पर्मचा. २००७ मध्ये डीएनएने तिला कुमुदाच्या गणात नेलं. बी ते आधीपासूनच सांगत होतं, हे मला फार आवडतं.

तरी एकाच खुणेवर भाळू नका. पेरिस्पर्म मिरीत असतं, राजगिऱ्यातही असतं. म्हणून ती कुमुदाची भावंडं ठरत नाहीत. भ्रूणपोष ऑर्किडच्या बीत नाही आणि शिंगाड्यातही नाही, पण त्या दोघांनी तो वेगवेगळा गमावला. भ्रूणकोषातली केंद्रकं, भ्रूणपोष, साठ्याची जागा अशा चार-सहा खुणा एकत्र बोलू लागल्या तरच मी मान डोलावते, आणि डीएनए विरुद्ध गेला तर पुन्हा स्लाइड काढते.

मुलीबरोबर करून बघा. कमळाची बी घासताना कानशी एकाच बाजूने चालवा, नाहीतर कोंब दुखावतो. कुमुदाची बी मात्र मेणात बसवून मगच पातं लावा.