घरी बियांपासून वाढवलेल्या आयरिसची एक पाकळी यंदा अर्धी जांभळी, अर्धी पांढरी आली. हे म्युटेशन की व्हायरस? आणि नवी जात म्हणून नाव देता येईल का?

दोन रंगांमधली रेघ सुरीने कापल्यासारखी सरळ असेल तर म्युटेशन, म्हणजे जनुकात अचानक झालेला बदल. कळी बनतानाच एका पेशीतलं जांभळ्या रंगाचं काम बंद पडलं की तिच्यापासून झालेला सगळा भाग बिनजांभळा येतो. आयरिसमध्ये जांभळा आणि पिवळा हे दोन वेगळे रंगद्रव्यांचे कारभार आहेत, त्यामुळे जांभळा गेला की खाली जे असेल ते दिसतं, तुमच्याकडे पांढरं, दुसऱ्याकडे पिवळंही दिसेल.

व्हायरस हा शब्द वाचला आणि डोकंच फिरलं माझं. एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी माझं रोप लांबूनच बघून चारचौघांत सांगितलं, व्हायरस आहे, जाळून टाका. अहो पानं तरी बघा! मीच पराग लावून, बी धरून, फुलाची वर्षानुवर्षं वाट बघून आणलेलं रोप ते. जांभळ्यावर पांढरे शिंतोडे, कुठे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, कुठे पाकळीच्या बुडापासून कडेपर्यंत पट्टा, एका दांड्यावरची दोन फुलं सारखी नाहीत. पानं मात्र स्वच्छ हिरवी, कळीच्या आवरणावरही डाग नाही. कंद फोडून वेगवेगळे लावले तर प्रत्येकाला तेच शिंतोडे, शेजारच्या वाफ्यातल्या साध्या आयरिसला काहीही नाही. याला ब्रोकन कलर म्हणतात, लोक मुद्दाम असे आयरिस तयार करतात, ‘बटिक’ ही जात तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. जागा बदलणारी जनुकं शास्त्रज्ञ बार्बरा मॅक्लिंटॉकने मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून शोधली, 1983 चं नोबेल मिळालं तिला, आयरिसचे शिंतोडेही त्यातलेच मानतात. पण परीक्षकाला हे कोण सांगणार?

आणि रोपाची सगळीच फुलं आईबापापेक्षा वेगळ्या रंगाची आली तर त्याला म्युटेशन म्हणू नका, ते नुसतं बियांतून आलेलं वेगळेपण आहे. उंच दाढीवाल्या (खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेल्या) आयरिसमध्ये गुणसूत्रांचे चार संच असतात, दडलेला रंग कधीकधी 36 रोपांत एखाद्यालाच बाहेर पडतो.

हां, पानं स्वच्छ म्हणजे व्हायरस नाहीच असंही नाही, कधीकधी लक्षणं दिसतच नाहीत. तेव्हा कंद कापायची सुरी पुसून घ्या, मावा येऊ देऊ नका, शंका असेल तर रोप बाजूला लावा.

नावाचं म्हणाल तर नोंदणी अमेरिकन आयरिस सोसायटीकडे होते, पण एका पाकळीवर काय नोंदवणार? ते फूल आलं त्याच बाजूच्या फुटव्याला खूण बांधून ठेवा, पुढच्या वर्षी तिथेच परत आलं तर तेवढा कंद वेगळा काढा. बहुतेक वेळा येत नाही.