घर आडगावला, नोकरी सातपूरला

प्रश्न : नाशिकमध्ये आडगावला फ्लॅट स्वस्त मिळतोय, नोकरी सातपूर एमआयडीसीत. कारने रोज जाऊन-येऊन ३० किमी पडतील. इंधनाचा हिशेब कसा धरावा?

उत्तर : महिन्याचे २५ दिवस म्हणजे ७५० किमी. लिटरला १५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर ५० लिटर पेट्रोल. लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ११५ किलो. द्वारका चौकात गाडी तुंबली की अ‍ॅव्हरेज आणखी पडतं, ते वेगळंच. घर कामापासून ५ किमीवर असेल तर त्याच कारला १७ लिटर पुरतात. गंमत म्हणजे आडगावहून स्कूटरने (लिटरला ४५) गेलात तरी तेवढंच लागतं! विजेची स्कूटर १०० किमीला साधारण ३ युनिट खाते. तेव्हा फ्लॅटच्या हप्त्यात पेट्रोल मिळवून मगच भाव ताडून पाहा. सिटीलिंकचा (शहर बससेवेचा) थांबाही बघून या, पण रविवारी नव्हे. पहिल्या पाळीच्या वेळेला.