जुन्या वस्तीत घराची तोडफोड आणि दुरुस्ती काढतोय. शेजाऱ्यांना त्रास कमी कसा होईल?

त्रास होणारच, पण आधी कल्पना दिली असेल तर बरीचशी भांडणं उठतच नाहीत. स्वतः जाऊन भेटा, मुकादमाला पाठवू नका. तोडफोड कोणत्या दिवशी, किती वाजता, अडचण आल्यास फोन कोणाला करायचा, एवढं सांगा. कोणाकडे तान्हं बाळ किंवा आजारी माणूस आहे का, तेही विचारा.

सामाईक भिंत असेल तर तिच्यावरच्या जुन्या भेगांचे फोटो दोघांनी मिळून, तारखेसह काढून ठेवा. "ही भेग तुमच्या ब्रेकरमुळेच पडली" हा वाद नंतर मिटता मिटत नाही.

फरशी कोरडी कापू देऊ नका. त्या धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसांना घातक असते; पाणी मारत कापलं की धूळ फारशी उडत नाही. सिमेंटचं पाणी मात्र गटारात सोडायचं नाही. ते आत घट्ट होतं, पाइप तुंबतो, आणि तो बहुधा सगळ्यांचाच असतो. राडारोडा दुसऱ्याच्या फाटकासमोर टाकणं तर नकोच.

हे सगळं कामाच्या वेळांसकट ठेकेदाराच्या करारात लिहून घ्या. नाहीतर मजूर बदलले की पुन्हा भल्या पहाटे ड्रिल सुरू!