केळीच्या गरापासून पॉलिलॅक्टिक आम्लापर्यंत

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. रावेर-यावलकडची, व्यापाऱ्याने नाकारलेली केळी आंबवून लॅक्टिक आम्ल काढायचं आणि त्यापासून शरीरात विरघळणारा टाक्याचा धागा करायचा, ही वाट धरण्यासारखी आहे. फक्त त्यात जीवाणूचं पूर्ण नाव नाही. नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलं आहेस, आणि पुढचं बरंचसं तिथेच ठरतं.

लॅक्टिक आम्ल दोन रूपांत येतं, एल आणि डी; दोन्ही एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. गर तसाच आंबू दिलास तर रानटी जीवाणू दोन्हींची सरमिसळ करतील. लॅक्टोबॅसिलसच्या जातींपैकी प्लांटारम तेच करतो, डेलब्रुकी बहुतांशी डी देतो. एल हवं असेल तर लॅक्टोबॅसिलस ऱ्हाम्नोसस किंवा बॅसिलस कोअग्युलन्स घे. माझा कौल कोअग्युलन्सला. तो ५० ते ५२ अंशांवर वाढतो, तिथे उपरे जीवाणू फारसे टिकत नाहीत, आणि जळगावच्या मे महिन्यात फर्मेंटर गार ठेवायची कसरतही वाचते. निव्वळ एलचं बहुलक, म्हणजे त्या रेणूंची लांब साखळी (पॉलिलॅक्टिक आम्ल), स्फटिकी होतं, १७० ते १८० अंशांना वितळतं, ताण सोसतं. डीची भेसळ दहा-पंधरा टक्क्यांवर गेली की स्फटिक धरतच नाहीत.

लिटरभर माध्यमात साखर ६० ग्रॅम ठेव. गराची साखर आधी मोज, अंदाजाने पाणी घालू नकोस. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम. गर आणि यीस्ट वेगवेगळे निर्जंतुक कर, एकत्र तापवले की काळपट होतात. कॅल्शियम कार्बोनेट ३६ ते ४० ग्रॅम, तेही वेगळं. ६० ग्रॅम आम्लाला हिशोबाने ३३ ग्रॅम लागतं, थोडं जास्त असू दे. आम्ल तसंच साठलं तर पीएच घसरतो आणि जीवाणू अर्ध्यावर थांबतो. विरजण ५ ते १० टक्के. ढवळणं एवढंच की भुकटी तळाशी बसू नये. बूच घट्ट लावू नकोस, कार्बन डायऑक्साइड निघतो.

दोन दिवसांत साखर संपली की लगेच ७०-८० अंशांपर्यंत तापव आणि गरम असतानाच गाळ. गार होऊ दिलंस तर कॅल्शियम लॅक्टेट फ्लास्कमध्येच थिजून बसेल. मग हलवलं तरी हलत नाही आणि उत्पादन गाळणीवरच्या चोथ्यात जातं. गाळलेल्यात पातळ केलेलं सल्फ्युरिक आम्ल हळूहळू घाल, पीएच २ च्या आसपास येईपर्यंत. साधारण ३३ ग्रॅम लागेल आणि ५७ ग्रॅम जिप्सम खाली बसेल. म्हणजे जेवढं आम्ल, जवळपास तेवढाच कचरा. त्याची सोय आराखड्यात लिही. सल्फेट उरलं तर पुढे तापवताना आम्ल काळं पडतं. बेरियम क्लोराइडचे थेंब टाकून बघ, पांढरा साका आला तर सल्फेट उरलं आहे.

एल-डीचं प्रमाण पोलरिमीटरवर, म्हणजे द्रावण ध्रुवित प्रकाश किती वळवतं त्यावर, ठरवू नकोस. लॅक्टिक आम्लाचं वळण मुळात थोडं, आणि क्षार झाला की दिशाच उलटते. एल आणि डी वेगळे करणाऱ्या कायरल स्तंभावर एचपीएलसी (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) कर, नाहीतर एल आणि डी दोन्हींचे एन्झाइम किट वापर.

पुढची पायरी लॅक्टाइड, म्हणजे आम्लाच्या दोन रेणूंचं कडं; तेच उघडून पुढे बहुलकाची लांब साखळी होते. आम्लातलं पाणी काढून लहान साखळ्या कर, मग टिन ऑक्टोएट हा उत्प्रेरक घालून १९० ते २२० अंशांवर, निर्वातात लॅक्टाइड उडवून घे. कंडेन्सर गार ठेवू नकोस. लॅक्टाइड ९७ अंशांना गोठतं आणि नळी तुंबते. कोरड्या इथाइल ॲसिटेटमधून दोन-तीनदा स्फटिक काढ.

इथे पाण्याचा हिशोब पाठ करून ठेव. १०० ग्रॅम लॅक्टाइडमध्ये १८ मिलिग्रॅम पाणी राहिलं, तर बाकी सगळं बिनचूक असलं तरी सरासरी रेणुभार एक लाखाच्या पुढे जाणार नाही, कारण पाण्याचा प्रत्येक रेणू एक नवी साखळी सुरू करतो. थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा. एका थेंबाने मर्यादा ३६ हजारांवर येते. श्रावणातल्या हवेत बाटली उघडी ठेवून वजन करणं म्हणजे बॅच घालवणं.

आता धाग्याविषयी. १९६६ साली कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी पॉलिलॅक्टिक आम्ल शस्त्रक्रियेसाठी सुचवलं, पण निव्वळ एलचं बहुलक शरीरात दोन वर्षांहून जास्त राहतं. नेहमीचा विरघळणारा धागा ९० भाग ग्लायकोलाइड (ग्लायकोलिक आम्लाचं तसंच कडं) आणि १० भाग लॅक्टाइडचा असतो, तो ५६ ते ७० दिवसांत शोषला जातो. तुझ्या बहुलकाचं काम हाडाच्या स्क्रूचं आहे. औषध हळूहळू सोडणाऱ्या सूक्ष्मगोळ्यांना मुद्दाम डी-एल मिश्रण किंवा ग्लायकोलाइडची जोड घेतात. त्यात स्फटिक नकोच असतात. मात्र त्या मिश्रणाचं प्रमाण आपण ठरवलेलं हवं.

नमुने ऑटोक्लेव्हमध्ये घालू नकोस. १२१ अंशांची वाफ साखळ्या तोडते. इथिलीन ऑक्साइड वायू वापर. गॅमा किरणांनीही रेणुभार उतरतो, म्हणून आधी आणि नंतर मोज. तोवर नमुने शोषक पुडीसह सीलबंद करून उणे २० अंशांवर ठेव, आणि पाकीट खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नकोस, नाहीतर हवेतलं दव थेट नमुन्यावर बसेल.

पहिल्या बॅचचे एल-डीचे आकडे आले की कळव. त्याआधी टिन ऑक्टोएट मागवू नकोस.