सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि शाळकरी मुलं बरोबर आहेत. मेक्सिकोतले प्राचीन माया संस्कृतीचे अवशेष आणि समुद्र एकाच सहलीत झेपतील का?

झेपतील. फक्त समुद्रकाठच्या कानकून शहरात मुक्काम ठोकून रोज टूरच्या बसने अवशेष पाहायचा बेत असेल तर तो बदला. कानकूनहून चिचेन इत्झा, म्हणजे मोठ्या पिरॅमिडचं प्रसिद्ध माया शहर, सुमारे २०० किलोमीटर. बस चार हॉटेलांतून माणसं गोळा करत, वाटेत दुकानात थांबत, भर उन्हात तिथे नेऊन सोडते. म्हाताऱ्या माणसांना दमवतं ते हे.

आम्ही ह्यूस्टनहून सासू-सासरे आणि मुलांना घेऊन फेब्रुवारीत गेलो होतो. आधी वायादोलिद या जुन्या, टुमदार गावात राहिलो. तिथून चिचेन इत्झा ४५ किलोमीटरच आहे. सकाळी आठला फाटक उघडताना आत शिरा. बसगाड्यांची गर्दी वाढेपर्यंत तुमचं बरंचसं पाहून होतं. रविवार टाळा, त्या दिवशी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत असतो. घड्याळाचंही भान ठेवा: कानकून आणि तुलुम ज्या किन्ताना रो राज्यात आहेत, ते वायादोलिद आणि चिचेन इत्झा असलेल्या युकातान राज्याच्या एक तास पुढे असतं. जाताना तास मिळतो, परतीच्या विमानाच्या दिवशी तोच जातो.

चिचेन इत्झाच्या मुख्य पिरॅमिडवर चढायला आता बंदी आहे. पुष्कळजण हळहळतात, मला मात्र ते बरंच वाटलं. कुणी वर आणि कुणी खाली पिशव्या सांभाळत, असं होत नाही. चारही बाजूंना ९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा धरून ३६५ होतात, हे ऐकल्यावर गणिताचे शिक्षक असलेले सासरे तिथून हलेनात. मायांची मोजणी विसांची, टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शून्याला शिंपल्यासारखी खूण. ‘आमची आजीसुद्धा विसांनीच मोजायची,’ म्हणत त्यांनी नातवंडांना तिथेच मातीत आकडे काढून दाखवले. पायऱ्यांसमोर टाळी वाजवली की पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो. मुलांना तेवढं पुरलं.

कोबा हे दुसरं माया शहर जंगलात पसरलेलं आहे, चालणं भरपूर. पण आत तीनचाकी सायकली मिळतात; पुढे दोघांनी बसायचं, मागून चालक पेडल मारतो. तुलुमचे अवशेष त्या मानाने लहान, पण थेट समुद्राच्या कड्यावर. सावली जवळजवळ नाही, छत्री न्या.

या चुनखडीच्या प्रदेशात जमिनीवर नद्या नाहीतच म्हटलं तरी चालेल. पाणी खालून वाहतं आणि जिथे छत कोसळलं तिथे सेनोते, म्हणजे गोड्या पाण्याचे डोह. पायऱ्या निसरड्या असतात, गुडघेदुखी असेल तर काठावरूनच पाहिलेलं बरं.

शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, इथल्या उकडून घोटलेल्या काळ्या घेवड्यात बहुधा डुकराची चरबी असते. ‘सिन मान्तेका’ (चरबीशिवाय) एवढे दोन शब्द सासूबाईंनी पहिल्याच दिवशी पाठ केले.

समुद्र शेवटी ठेवा. साधारण एप्रिल ते ऑगस्ट या किनाऱ्यावर सारगासम नावाचं तपकिरी शेवाळ ढिगांनी येतं आणि कुजून वास मारतं. जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. म्हणून डिसेंबर ते मार्च उत्तम. मी इस्ला मुखेरेस हे बेट सुचवेन. कानकूनहून छोटासा बोटीचा प्रवास, आणि उत्तरेकडच्या प्लाया नोर्ते या किनाऱ्यावर पाणी इतकं उथळ आणि शांत की आजी-आजोबाही नातवंडांबरोबर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहतील.