सहावी बॅटरी जोडू का?

प्रश्न : माझ्याकडे लायसन न लागणारी २५० वॅटची इलेक्ट्रिक स्कूटर आहे. साताऱ्यात छान पळते. पण आईला मागे बसवून यवतेश्वरचा घाट चढायला घेतला की दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर बंद पडते. दोन मिनिटं थांबलं की परत चालू. गॅरेजवाला म्हणतो, पाच बॅटऱ्या आहेत, सहावी जोडू, ताकद वाढेल. जोडू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नका जोडू. ६० व्होल्टचे ७२ झाले की सपाटीवर गाडी जोरात पळेल, एवढंच. चढाला लागते ती ओढ, आणि ओढ येते अँपिअरमधून. ते कंट्रोलरने, म्हणजे मोटरला करंट मोजून देणाऱ्या डबीने, बांधून ठेवलेले असतात. मग गॅरेजवाला म्हणेल, कंट्रोलरच मोठा टाकू. तसं केलेलं एक चाक, आत मोटर असलेलं, गेल्या पावसाळ्यात माझ्या टेबलावर आलं होतं. झाकण काढलं तर जळक्या वॉर्निशचा वास दुकानभर. तांबं काळंठिक्कर, हॉल सेन्सरच्या (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणाऱ्या चिपांच्या) वायरी एकमेकींत वितळलेल्या. मी तीस वर्षं विहिरीवरच्या मोटारी भरतोय. इतकी करपलेली क्वचितच बघितली.

हिशेब बघा. तुम्ही, आई आणि गाडी मिळून २२० किलो धरू. पंधरा फुटांना एक फूट चढ, वेग ताशी २० किलोमीटर. नुसतं वजन वर न्यायलाच ८०० वॅट लागतात! २५० वॅटची मोटर घटकाभर जास्त देईल, घाटभर नाही. चाकातल्या मोटरला बहुधा गिअर नसतो. वेग पडला की करंटची नुसती उष्णता होते. शिवाय मोठी मोटर बसवलीत की लायसन-नोंदणीची सूट गेली. उद्या काही झालं तर कागद कुठले दाखवणार?

मला खरा संशय वेगळाच आहे. थांबल्यावर परत चालू होते, म्हणजे एखादी बॅटरी बसलेली असणार. घाटात मीटर लावून पाचही एकेक तपासा, पण थ्रॉटल पिळलेला असताना. उभ्या गाडीत सगळ्याच बारा व्होल्ट दाखवतात. चढावर जी साडेदहाच्या खाली जाईल तीच चोर. लेड-ॲसिड असतील तर जुन्यांत एकच नवी घालू नका, तीही लवकर बसते. टायरची हवा बघा, मागचा ब्रेक घासतोय का तेही.

एवढं केल्यावर एकट्याला गाडी बहुतेक चढवेल, रडतखडत का होईना. आईंना मात्र बामणोलीच्या एसटीत बसवा, ती यवतेश्वरवरूनच जाते.